कडक मांस, ढीगभर कांदा आणि तीन तास : हंगेरीच्या गुराख्यांचं गुलाश घरी कसं करायचं?

हंगेरीची राजधानी बुडापेस्टमध्ये पहिल्यांदाच गेलेला माणूस हॉटेलात बसतो आणि मोठ्या उत्साहाने ‘गुलाश’ मागवतो. डोक्यात चित्र असतं ते लालभडक, दाट रश्श्यातल्या मांसाच्या मऊसूत तुकड्यांचं. समोर येतं ते मात्र पातळ सूप. त्यात बटाटे, गाजर आणि थोडे मांसाचे तुकडे. वेटरचं काहीही चुकलेलं नसतं. हंगेरीत गुलाश म्हणजे सूपच. सगळं जग ज्याला गुलाश म्हणतं, त्या दाट रश्श्याला हंगेरियन माणूस ‘पोर्कोल्ट’ म्हणतो.

नावाचा हा घोळ बाजूला ठेवला, तर दोन्ही पदार्थांचा पाया एकच आहे. गाईबैलाचं कडक मांस, भरपूर कांदा, चरबी, गोडसर लाल तिखट आणि वेळ. महागडं यात काहीच नाही, अवघड तंत्रही नाही. तरीही पहिल्यांदा करणाऱ्यांचं गुलाश बऱ्याचदा फसतं. मांस चिवट राहतं, नाहीतर रस्सा कडवट होतो. असं का होतं ते समजून घ्यायचं असेल, तर हा पदार्थ कुणी आणि कशासाठी तयार केला इथपासून सुरुवात करावी लागेल.

नाव पडलं गुराख्यांवरून

हंगेरियन भाषेत ‘गुया’ म्हणजे गुरांचा कळप आणि ‘गुयाश’ म्हणजे तो राखणारा गुराखी. गुराखी जे मांस शिजवून खायचे ते ‘गुयाशहूश’, म्हणजे गुराख्याचं मांस. पुढे त्यातलं ‘मांस’ गळून पडलं आणि नुसता ‘गुराखी’ उरला. हा शब्द जर्मनमधून बाहेर पडताना ‘गुलाश’ झाला. थोडक्यात, जगभरच्या मेन्यूकार्डांवर आज जे छापलेलं असतं, त्याचा मूळ अर्थ ‘गुराखी’ असा आहे.

हंगेरीच्या मध्यभागी आणि पूर्वेला मैलोनमैल पसरलेलं गवताळ मैदान आहे. लांब शिंगांची, राखाडी रंगाची गुरं हे तिथलं वैभव. साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकात या गुरांचे मोठमोठे तांडे पायी हाकत व्हिएन्ना, न्युरेंबर्ग, व्हेनिस अशा शहरांच्या बाजारात नेले जायचे. हा प्रवास आठवडे न् आठवडे चालायचा. गुराखी कायम उघड्यावर, सोबत एकच भांडं. त्याला ‘बोग्राच’ म्हणतात. तीन काठ्यांच्या तिकाटण्याला टांगून, खाली लाकडं पेटवून त्यात शिजवायचं.

आता अशा माणसाच्या वाट्याला कुठलं मांस येणार? चालून चालून ज्याचे स्नायू कडक झालेत, अशा जनावराचं. पण त्याच्याकडे एक गोष्ट भरपूर होती, ती म्हणजे वेळ. गुरं चरत असताना भांडं मंद आचेवर तासन् तास रटरटत ठेवायला काहीच अडचण नव्हती.

असंही सांगितलं जातं की, हे गुराखी शिजवलेलं मांस पाणी पूर्ण आटवून उन्हात वाळवायचे आणि पिशवीत भरून सोबत न्यायचे. भूक लागली की पाण्यात टाकून उकळायचं, जेवण तयार. मराठवाड्यातल्या दलित घरांमध्ये मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ‘चान्या’ करायची पद्धत होती. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात या खाद्यसंस्कृतीची सविस्तर नोंद आहे. दोन्ही ठिकाणांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण फ्रीज नसलेल्या आणि मांस रोज न मिळणाऱ्या माणसांना दोन्हीकडे उत्तर सापडलं ते उन्हातच.

लाल तिखट हंगेरीत आलं कुठून?

आज पाप्रिकाशिवाय, म्हणजे हंगेरियन लाल तिखटाशिवाय, गुलाशचा विचारही करता येत नाही. पण सुरुवातीच्या गुराख्यांनी पाप्रिका पाहिलीही नव्हती. मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला आणि त्यानंतर ती जगभर फिरली. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, आणि त्याच शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर रुजली. हंगेरीत ती पोहोचली ती तुर्कांच्या राजवटीत. ऑटोमन तुर्कांनी १५४१ मध्ये बुडा शहर घेतलं आणि पुढची जवळपास दीडशे वर्षं हंगेरीचा मोठा भाग त्यांच्या ताब्यात होता. हंगेरियन लोक तेव्हा मिरचीला ‘तुर्की मिरी’ म्हणायचे.

गंमत म्हणजे त्या काळात ही मिरची भारतातून आली असावी, असं युरोपातल्या अनेकांना वाटत होतं. जर्मन वनस्पतीतज्ज्ञ लिओनहार्ट फुक्स यांनी १५४२ च्या आपल्या ग्रंथात तिला चक्क ‘कालिकतची मिरी’ म्हटलंय.

‘पाप्रिका’ हा शब्दही फिरत फिरत आलाय. तो बाल्कन भागातल्या स्लाव्ह भाषांमधल्या मिरीच्या नावावरून आला. ते नाव लॅटिन ‘पिपेर’वरून, ते ग्रीक ‘पेपेरी’वरून आणि ते आपल्या ‘पिप्पली’वरून. म्हणजे आजीच्या बटव्यात असायची ती पिंपळी या शब्दाची मूळ पणजी.

सुरुवातीची हंगेरियन मिरची चांगलीच झणझणीत होती. एकोणिसाव्या शतकात सेगेद शहरातल्या पाल्फी बंधूंनी मिरचीच्या आतल्या शिरा आणि बिया काढून मगच ती दळायची पद्धत रूढ केली. जळजळ मुख्यतः त्या शिरांमध्येच असते. त्यामुळे रंग आणि गोडवा शिल्लक राहिला आणि तिखटपणा उतरला. आज सेगेद आणि कलोचा ही दोन शहरं पाप्रिकासाठी ओळखली जातात. याच सेगेदमध्ये आल्बर्ट सेंट-ग्योर्गी या शास्त्रज्ञाने ताज्या मिरचीतून ‘क’ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं केलं. त्या संशोधनासाठी त्यांना १९३७ चं नोबेल मिळालं.

गुराख्याचं जेवण राष्ट्राचं झालं

अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत गुलाश म्हणजे गरिबांचं जेवण होतं. सरदार-जमीनदारांच्या पंगतीत त्याला जागा नव्हती. मग एक राजकीय वळण आलं. हंगेरी तेव्हा व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग सम्राटांच्या अमलाखाली होती. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ मध्ये फर्मान काढून हंगेरीच्या कारभाराची भाषा जर्मन केली. हंगेरीचा पवित्र मानला जाणारा राजमुकुटही व्हिएन्नाला नेऊन ठेवला.

याने हंगेरियन उमराव भडकले. आपण जर्मन नाही हे दाखवायला त्यांनी आपली भाषा, आपला पोशाख आणि आपलं म्हणता येईल असं जेवण शोधायला सुरुवात केली. व्हिएन्नाच्या पंगतीत नसलेला आणि अस्सल हंगेरियन वाटणारा पदार्थ त्यांना गुराख्यांच्या भांड्यात सापडला. कालपर्यंत ज्याकडे नाक मुरडलं जात होतं, ते ताटात सन्मानाने आलं. पुढे ते व्हिएन्नातही पोहोचलं आणि तिथल्या स्वयंपाकघरांनी ते इतकं आपलंसं केलं की आज व्हिएन्नाचं स्वतःचं वेगळं गुलाश आहे. त्यात मांसाइतकाच कांदा घालतात.

विसाव्या शतकात हा शब्द पुन्हा राजकारणात आला. १९५६ चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्यानंतर यानोश कादार हंगेरीचे सर्वेसर्वा झाले. पुढच्या काळात त्यांनी लोकांना शेजारच्या देशांपेक्षा थोडी जास्त मोकळीक आणि दुकानात थोडा जास्त माल मिळू दिला. अशा सरमिसळ कारभाराला लोकांनी ‘गुलाश कम्युनिझम’ असं नाव दिलं.

कडक मांसच का घ्यायचं?

आता स्वयंपाकघरात येऊ. घरी पाहुणे येणार म्हणून अनेकजण दुकानातलं सगळ्यात महाग, सगळ्यात मऊ मांस घेतात. मुंबईत ज्याला ‘अंडरकट’ म्हणतात, ते पाठीखालचं मांस. गुलाशसाठी ही निवड चुकीची ठरते.

अंडरकटच्या स्नायूला जनावर जिवंत असताना फारसं काम नसतं, म्हणून तो मऊ असतो. असं मांस तव्यावर काही मिनिटांत छान होतं, पण रश्श्यात दोन तास ठेवलं तर कोरडं आणि भुसभुशीत होतं. याउलट पायाच्या नळीभोवतीचं, मानेचं आणि खांद्याचं मांस दिवसभर राबलेलं असतं. त्याच्या तंतूंना बांधून ठेवायला कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन भरपूर असतं. कच्चं असताना ते दाताला दाद देत नाही. पण पाण्याच्या सान्निध्यात बराच वेळ गरम ठेवलं, की त्याचं जिलेटिन होतं. जेली ज्याने गोठते तेच हे जिलेटिन. तेच मांसाला ओलसर ठेवतं आणि रश्श्याला ओठाला चिकटणारा दाटपणा देतं.

यातली खरी मेख आहे तापमानात. मांस साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की त्याचे तंतू आकसतात आणि आतलं पाणी बाहेर टाकतात. कोलॅजेनचं जिलेटिन होण्याचा वेग मात्र ७० अंशांच्या पुढे गेल्यावर वाढतो, आणि तरीही या कामाला तास लागतात. म्हणजे मधला एक टप्पा असा येतो, जिथे तंतू आकसून घट्ट झालेत आणि कोलॅजेन अजून विरघळलेलं नाही. पातेलं चढवून एखादा तास झाला की मांस नेमकं या अवस्थेत असतं. तेव्हा चाखून पाहिलं तर ते रबरासारखं लागतं.

बहुतेकांचं गुलाश इथेच फसतं. ‘तासभर शिजवलं तरी चिवटच, म्हणजे मांसच खराब निघालं,’ असं म्हणून गॅस बंद केला जातो, किंवा लवकर व्हावं म्हणून मोठा केला जातो. खरं तर त्या वेळी फक्त आणखी दीड-दोन तास वाट बघायची असते, आणि तीही बारीक आचेवर. खळाखळा उकळून कोलॅजेन थोडं लवकर विरघळतं, पण तंतू जास्त पिळवटले जातात आणि मांस चोथा होतं. पातेल्यात मधूनच एखादा बुडबुडा वर येतोय, एवढीच आच पुरे.

साहित्य : चार ते पाच जणांसाठी

- नळीचं किंवा खांद्याचं मांस : १ किलो, दीड इंचाचे तुकडे. फार लहान केले तर शेवटी त्यांचा लगदा होतो.
- कांदे : ७०० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचे सहा-सात, बारीक चिरून.
- डुकराची चरबी : ३ ते ४ मोठे चमचे. हंगेरीत हीच वापरतात. नसेल तर तेल.
- गोडी पाप्रिका : ३ मोठे चमचे.
- कॅरवे : १ छोटा चमचा, कुटून. हे युरोपातलं जिरं. शहाजिरे वापरलं तरी चालतं.
- लसूण : ४ पाकळ्या, ठेचून.
- टोमॅटो १ आणि ढोबळी मिरची १, दोन्ही चिरून.
- मीठ चवीनुसार.

पाप्रिका मिळाली नाही तर काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीचं तिखट रंगाच्या बाबतीत सगळ्यात जवळचं. पण या दोन्ही मिरच्या पाप्रिकापेक्षा तिखट असतात, म्हणून प्रमाण निम्मं ठेवायचं. साधं लवंगी मिरचीचं तिखट तीन चमचे घातलं तर ते गुलाश राहणार नाही.

गरम मसाला, धणेपूड, आलं यातलं काहीही लागत नाही. मराठी हात आपोआप मसाल्याच्या डब्याकडे जातो, पण इथे तो आवरायचा. कांदा, मिरची आणि मांस या तिघांचीच चव यात हवी असते.

कृती : प्रत्येक पायरी आणि तिच्यामागचं कारण

१. कांदा हळू परता. जाड बुडाच्या पातेल्यात चरबी गरम करा, कांदा आणि चिमूटभर मीठ घाला आणि मंद आचेवर १५ ते २० मिनिटं परता. मिठाने कांद्याचं पाणी लवकर सुटतं. कांदा मऊ, पारदर्शक आणि सोनेरी व्हायला हवा. बिर्याणीच्या बरिस्त्यासारखा खमंग तपकिरी करायचा नाही, कारण पुढे तीन तासांत हाच कांदा पूर्ण विरघळून रश्श्याला दाटपणा देणार आहे. म्हणूनच अस्सल पोर्कोल्टमध्ये मैदा किंवा कॉर्नफ्लॉवर घालत नाहीत.

२. पातेलं गॅसवरून उतरवा, मग पाप्रिका घाला. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. पाप्रिकात साखरेचा अंश बराच असतो, त्यामुळे ती गरम चरबीत काही क्षणांत करपते आणि एकदा करपली की रस्सा कडू होतो. तो कडवटपणा नंतर कशानेही जात नाही. पण चरबी लागतेच, कारण पाप्रिकाचा लाल रंग चरबीत विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून पातेलं खाली उतरवायचं, लसूण, कॅरवे आणि पाप्रिका घालून दहा-पंधरा सेकंद हलवायचं आणि लगेच पाण्याचा हबका मारायचा. फोडणीत तिखट जळू नये म्हणून आपल्याकडे पाणी शिंपडतात, तीच युक्ती.

३. मांस घाला आणि परत आचेवर ठेवा. मांस आणि मीठ घालून सगळ्या तुकड्यांना लाल कांदा नीट लागेपर्यंत हलवा. तुकड्यांचा कच्चा लाल रंग जाऊन ते करडे दिसायला लागले की झाकण ठेवा.

इथे एक शंका येईल. इतर पाश्चात्त्य स्ट्यूमध्ये मांस आधी कडकडीत तव्यावर भाजून घेतात, मग इथे का नाही? मांस भाजल्याने ‘आतला रस बंद होतो’ हा समज एकोणिसाव्या शतकातल्या युस्टुस फॉन लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे पसरला. तो खरा नाही. अन्नशास्त्राचे लेखक हॅरॉल्ड मॅकगी यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात तो खोडून काढला. भाजलेल्या मांसातूनही रस बाहेर येतोच. भाजल्याने फक्त खमंग चव वाढते. गुलाशमध्ये ती जबाबदारी कांदा आणि पाप्रिका उचलतात, आणि भाजायच्या आचेवर पाप्रिका टिकणारही नाही.

४. पाणी थोडं थोडं घाला. मांस आणि कांदा स्वतःचंच भरपूर पाणी सोडतात. पहिला अर्धा तास वरून पाणी लागतही नाही. रस आटून कडेला लाल तेल दिसायला लागलं की अर्धी वाटी गरम पाणी घाला, हलवा, पुन्हा झाकण ठेवा. मग पुन्हा आटू द्या, पुन्हा घाला. ‘पोर्कोल्ट’ हा शब्दच मुळी ‘भाजणं, होरपळवणं’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर मसाल्याला तेल सुटेपर्यंत परतायचं, फक्त तेच काम दोन-तीन तास टप्प्याटप्प्याने करायचं. एकदम तांब्याभर पाणी ओतलं तर मांस नुसतं उकडलं जातं.

५. सव्वा तासाने टोमॅटो आणि ढोबळी मिरची घाला. दोन्ही प्रमाणातच हवं. टोमॅटो जास्त झाला की गुलाशचा टोमॅटो सार होतो.

६. चमच्याने तपासा. एकूण अडीच ते तीन तासांनी तुकडा चमच्याच्या कडेने दाबून पाहा. जोर न लावता तुटला तर झालं. नाही तुटला तर आणखी अर्धा तास. जनावराच्या वयाप्रमाणे वेळ बदलतो, म्हणून घड्याळापेक्षा चमच्यावर विश्वास ठेवायचा.

इथे थांबलात तर हे पोर्कोल्ट. सूपवालं हंगेरियन गुलाश हवं असेल तर आता एक ते सव्वा लिटर गरम पाणी, अर्धा किलो बटाट्याच्या फोडी आणि दोन गाजरं घालून आणखी अर्धा तास शिजवा. बटाटे सुरुवातीलाच घातले तर मांस होईपर्यंत त्यांचं पिठलं होईल.

प्रेशर कुकरमध्ये होतं का?

होतं. कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं, त्यामुळे कोलॅजेन बरंच लवकर विरघळतं. कांदा, पाप्रिका आणि मांस वरच्याप्रमाणेच परतून घ्यायचं, एक वाटी पाणी घालायचं, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून ३५ ते ४० मिनिटं ठेवायचं. वाफ आपोआप जाऊ द्यायची. मग झाकण काढून, टोमॅटो आणि ढोबळी मिरची घालून १५-२० मिनिटं आटवायचं. बंद कुकरात पाणी आटत नाही, म्हणून हा शेवटचा टप्पा टाळला तर रस्सा पातळ आणि चव फिकी राहते.

मांस लवकर मऊ व्हावं म्हणून कच्ची पपई लावायची सवय अनेकांना असते. पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं हे खरं आहे. पण ते मुख्यतः तुकड्याच्या वरच्या थरावर काम करतं. कबाबाला ते चालतं, दोन-तीन तास शिजणाऱ्या पदार्थात मात्र वरचा थर पिठाळ होतो. इथे तिची गरज नाही.

उरलेलं गुलाश आणि एक सावधगिरी

गुलाश दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, असं हंगेरीतही म्हणतात. रात्रभरात चवी एकमेकांत मुरतात, रस्सा जिलेटिनमुळे थंड झाल्यावर थरथरतो आणि वर साचलेली जास्तीची चरबी चमच्याने सहज काढता येते.

पण ‘मुरायला’ म्हणून मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवायचं नाही. मांसाच्या मोठ्या पातेल्याचा मधला भाग तासन् तास कोमट राहतो, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूला नेमकं तेच हवं असतं. त्याचे बीजाणू शिजवल्यानेही मरत नाहीत, आणि अन्न कोमट झालं की झपाट्याने वाढतात. पोटात मुरडा आणि जुलाब, हा त्याचा परिणाम. म्हणून जेवणं झाली की उरलेलं गुलाश उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकायचं, तीन-चार दिवसांत संपवायचं आणि खाताना चांगली उकळी आणायची.

महाराष्ट्रात करायचं तर?

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांना गाईबैलाचं नळीचं मांस कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं. महाराष्ट्रात कायदा वेगळा आहे. राज्याच्या १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याने गोहत्येवर बंदी होतीच. मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या दुरुस्तीने त्यात वळू आणि बैलही आले. म्हशी-रेड्यांवर अशी सरसकट बंदी नाही. त्यामुळे राज्यात दुकानांमध्ये ‘बीफ’ म्हणून जे कायदेशीर विकलं जातं ते म्हशी-रेड्याचं मांस. इतर राज्यांत नियम वेगवेगळे आहेत, म्हणून जिथे राहता तिथला नियम बघूनच खरेदी करावी.

म्हशी-रेड्याच्या मांसात चरबी कमी आणि रंग गडद असतो. जनावर वयाने मोठं असेल तर कोलॅजेनही जास्त चिवट असतं. म्हणून चरबी किंवा तेल एक चमचा वाढवायचं आणि वेळ अर्धा-पाऊण तास जास्त धरायचा.

ज्यांच्या घरात हे मांस खात नाहीत त्यांनाही ही पद्धत बंद नाही. हंगेरीतच मेंढीच्या मांसाचं पोर्कोल्ट करतात आणि कर्त्साग हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. बोकडाचं किंवा मेंढीचं खांद्याचं मटण घेतलं तर साधारण दीड तासात होतं. शाकाहारी लोक मशरूमचं पोर्कोल्ट करतात, राजमासारख्या घेवड्याचंही गुलाश होतं. मशरूम अर्ध्या तासात शिजतात. घेवडा मात्र रात्रभर भिजवून, आधी वेगळा उकडून घ्यावा लागतो.

सोबत काय? हंगेरीत पोर्कोल्टबरोबर ‘नोकेडली’ नावाचे अंडं घातलेल्या पिठाचे छोटे उकडलेले गोळे असतात, सूपबरोबर जाड कापलेला पाव आणि कडेला आंबवलेली काकडी. आपल्याकडे बेकरीतला कडक पाव किंवा ज्वारीची भाकरी छान जमते. काकडीच्या चकत्यांवर मीठ, साखर आणि व्हिनेगर घातलं की झालं.

बेत रविवारचा असेल तर सकाळी दहाला कांदा परतायला घ्या. अकराच्या सुमाराला तुकडा चाखून तो रबरासारखा लागला, तर घाबरून गॅस मोठा करू नका. अर्धी वाटी पाणी घाला, झाकण ठेवा आणि दुपारी एक-दीड वाजता पुन्हा चमच्याने दाबून बघा.